बिसाहिनबाईचे दात

हे लिहायचे मी इतकी वर्षे टाळत आलो की आता ज्यांच्यापासून लपवायचे, त्यांतले कोणी उरलेले नाही. बायको गेली, शेठजी गेले, मिल गेली. जिच्याबद्दल लिहायचे ती तर केव्हाच गेली. घरात कधी जुन्या नोकरीचा विषय निघाला की मी उठून बाल्कनीत जातो आणि तेलीबांध्याच्या तळ्याकडे बघत उभा राहतो. सून शेजारणीला सांगते, बाबांना तळे फार आवडते. मी तिला तसे समजू दिले आहे.

काही महिन्यांपूर्वी नात मला स्कूटरवर बसवून समता कॉलनीतल्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिला मराठी सगळे समजते, पण तोंडातून हिंदीच निघते.

"मले काही कवळीबिवळी नाही पाह्यजे," मी जिन्यातच म्हटले.

"आबा, खाली दूध-भात खाकर जिओगे क्या?"

"जगून राहिलो ना इतके दिवस?"

"जी नहीं रहे हो, मम्मी को सता रहे हो. चलो ऊपर."

दवाखान्यात गारवा होता आणि लवंगेसारखा काहीसा वास. एका यंत्रापुढे मला उभे केले, हनुवटी टेकवायला लावली, आणि यंत्राचा हात गुणगुणत माझ्या डोक्याभोवती फिरून आला. मिनिटभरात पडद्यावर माझा सगळा जबडा उमटला. राखाडी, पसरलेला, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा. डॉक्टरीण माझ्या नातीहून फार मोठी नसेल. तिने पेनाच्या टोकाने उजवीकडची एक दाढ दाखवली.

"ये देखिए बाबूजी. ऊपर से एकदम ठीक दिखता है. अंदर कच्चा है."

मग मला खुर्चीत आडवे करून, डोळ्यांवर दिवा आणून ती म्हणाली, "अब मुँह पूरा खोलिए."

माझे तोंड उघडेना. म्हणजे मला उघडायचे होते, पण जबडा हलेना. तिने दोनदा सांगितले. नात जवळ आली. "दुखता है क्या, आबा?"

"हव," मी म्हटले. खोटे नव्हते ते.

*

बीरगावच्या अलीकडे, रस्त्याच्या उजव्या हाताला आमची मिल होती. आता तिथे पत्र्याची मोठी गोदामे आहेत. उसना म्हणजे उकडा तांदूळ करणारी मिल. धान आधी हौदात भिजायचे, मग वाफेवर उकडायचे, मग उन्हात वाळायचे आणि तेव्हा कुठे ते कांडायच्या यंत्रापर्यंत पोचायचे. त्या हौदांचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगता येणार नाही. आंबलेल्या पाण्याचा, ओल्या तुसाचा, वाफेचा आणि त्याच्या तळाशी कुठेतरी शिजलेल्या भाताचा. पहिल्या आठवड्यात मला त्या वासाने जेवण जायचे नाही. पुढे तो माझ्या सदऱ्यात, गादीत, केसांत मुरला. सुटीच्या दिवशी तो आला नाही की काहीतरी विसरल्यासारखे वाटे.

वडील अकोल्याहून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले होते. मी इथेच शिकलो आणि मिलमध्ये सुपरवायझर म्हणून लागलो. मिलच्या मागे सिमेंटचे मोठे आवार होते. उकडलेले धान तिथे पसरत आणि चाळीसेक बायका दिवसभर त्यातून अनवाणी पाय फरपटत चालत. पायांनी धानात सऱ्या पडायच्या. एकदा उभ्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या. खालचे ओले धान वर यायचे. ऐंशी पायांचा तो सर्र सर्र आवाज ऐकला की वाटे, मोठे झाड वाऱ्यात हलते आहे. दुपारी धान इतके तापे की टाचा भाजत. मग बायका ओळीच्या टोकाला ठेवलेल्या बादलीत पाय बुडवून पुन्हा फिरत. ओले पाय उमटायचे आणि बघता बघता वाळून जायचे.

या सगळ्यांच्या पुढे बिसाहिनबाई असे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, काटक, कपाळावर आणि हातांवर गोंदण. सगळे तिला दाई म्हणत, म्हणजे आई. हसली की तिच्या पडजिभेपर्यंतचे दिसे, आणि ती दिवसातून कितीदातरी हसे. कुणा मजुराची चाल, कुणाची नवी टोपी, माझे मराठी वळणाचे छत्तीसगढी, काहीही तिला पुरे.

धान वाळले की नाही हे ती दाताने सांगे.

आवारात ठिकठिकाणी हात कोपरापर्यंत खुपसून ती तळाचे चार-सहा दाणे काढी. ते तळव्यावर चोळून साल उडवी आणि एक दाणा उजव्या दाढेखाली ठेवी. मग सगळे गप्प. सऱ्या पाडणारे पाय थांबत, पोती शिवणारा सुई तशीच धरून राही. दाणा ओला असेल तर काहीच ऐकू यायचे नाही, तो दाताखाली नुसता चपटा व्हायचा. अर्धवट असेल तर दबका आवाज. आणि वाळला असेल तर "कट्". बारीक, कोरडा, चाळीस बायकांना ऐकू जाणारा. तो आला की बाई मान हलवून म्हणे, "हव." एवढेच. मग फावडी उचलली जात.

हंगामातले पहिले धान वाळे त्या दिवशी शेठजी स्वतः यायचे. नारळ फुटायचा, पण कांडायच्या यंत्राचा पट्टा बाईच्या त्या आवाजाआधी चढवायचा नाही असा रिवाज होता. ती पूर्वेकडे तोंड करून उभी राही, डोळे मिटी. एवढा मोठा माणूस, पण शेठजीसुद्धा तेव्हा श्वास रोखून उभे असत.

एकदा मी तिला विचारले होते, हे शिकायचे कसे? तिने माझ्या हातावर दाणा ठेवला.

"दाँत ले पूछ, बाबू. मोला काबर पूछथस?"

दातालाच विचार, मला कशाला विचारतोस. मी चावला. मला फक्त दाणा फुटल्याचे कळले. ती हसून हसून खाली बसली. "बाबू के दाँत तो गूँगा हे!" त्या दिवसापासून आवारात माझे नाव मुक्या दातांचा बाबू पडले. पुढे दोन-तीन वर्षांत माझे दात थोडे बोलायला लागले. पण तिच्यासारखे नाही.

दरवर्षी नवे धान आले की ती आमच्या घरी येई. पदराच्या टोकाला बांधलेले नव्या धानाचे पोहे, घरच्या ढेकीत कांडलेले, अजून कोमट. ओटीत घालावे तसे ती ते माझ्या बायकोच्या पदरात घाली. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दोघी तासभर बोलत. एक वऱ्हाडीत, एक छत्तीसगढीत. अडत काही नसे.

*

मग वाळवण्याचे यंत्र आले. उंच, पत्र्याचे, वरून धान सोडायचे आणि खालून गरम हवा. उन्हात दोन दिवस लागत ते काम काही तासांत होऊ लागले. ढग आले तरी पळापळ नाही. तो काळा ढग आणि हातात येईल ते घेऊन धावणाऱ्या बायका, घमेली, फाटकी ताडपत्री, हाका, शिव्या आणि शेवटची रास झाकली गेल्यावर फुटणारे हसू, हे सगळे एका हंगामात संपले. चाळीस बायकांतल्या आठ राहिल्या. आवारावर गवत आले, सिमेंटच्या भेगांतून.

यंत्राबरोबर ओलावा मोजायचे मीटर आले. लाकडी पेटी, आत पितळेची वाटी, वरून दाबायचा स्क्रू आणि काट्याची तबकडी. ते माझ्या ताब्यात होते. मला त्याचा फार अभिमान होता, हे इथे कबूल केले पाहिजे. मी ते घरून आणलेल्या मऊ फडक्याने पुसत असे. बरोबर एक छोटे पुस्तक होते. त्यात लिहिले होते की गरम धान मोजू नये, गार होऊ द्यावे. गरम दाणा वरून कोरडा झालेला असतो, ओल आत दडलेली असते. ते वाक्य मी वाचले होते. त्याखाली पेन्सिलने रेघही मारली होती.

शेठजी जुन्या वळणाचे होते. त्यांनी सांगितले, मीटर राहू दे आणि बाईही राहू दे. म्हणून मी रजिस्टरमध्ये दोन रकाने आखले. एक मीटरचा, एक बाईचा. बाईला वाचता येत नव्हते. ती दाणा चावून सांगे आणि मी तिच्या रकान्यात लिही, ठीक किंवा कच्चे. ती पानावर वाकून बघे. "मोर नाव कोन मेर हे?" मी रकान्याच्या माथ्यावर बोट ठेवी. ती त्या अक्षरांना हात लावून कपाळाला लावी.

त्याच सुमारास एका दुपारी, पोत्यांच्या सावलीत भाकरतुकडा खाताना तिने मला सांगितले की डावीकडच्या सगळ्या दाढा पडल्या आहेत. उजवीकडे दोन उरल्या आहेत, त्यांतली एक हलते. गाल बसलेला दिसू नये म्हणून ती डाव्या बाजूला पानाचा विडा धरून ठेवत असे.

"एके ठन बाँचे हे बाबू, काम के," ती म्हणाली. एकच उरली आहे कामाची. मग इकडेतिकडे बघून, "कोनो ला झन बताबे."

कुणाला सांगू नकोस. मी म्हटले, नाही सांगणार.

ज्या दिवसाचे मला लिहायचे आहे त्या दिवशी ऊन होते, एवढे पक्के आठवते. दारात पुढची खेप घेऊन दोन ट्रक उभे होते आणि एक ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. यंत्रातून उतरलेले धान हाताला चटका देत होते. मी वाटीभर मीटरमध्ये घातले, स्क्रू दाबला. काटा जिथे यायला हवा तिथे आला. बाईने दाणा चावला. मग दुसरा चावला.

"ऊपर ले सुक्खा हे, बाबू. भीतर कच्चा हे. जुड़ान दे."

गार होऊ दे.

"मीटर ठीक दाखवून राहिलं ना, दाई."

"मीटर के दाँत हे का?" ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर हसली. आठही बायका हसल्या. हॉर्न वाजत होता. मी दोन्ही रकान्यांत ठीक लिहिले. तिने पाहिले मी लिहिताना. वाकून, कौतुकाने पाहिले. तिला वाटले मी तिचे म्हणणे लिहितो आहे.

का लिहिले, हे मी आयुष्यभर स्वतःला विचारत आलो. ट्रक, हॉर्न, ते हसू. यातले एकही कारण पुरेसे वाटत नाही, आणि सगळी मिळूनही नाही. मीटरला मी दोष देत नाही. त्याला गरम दाणे विचारले, त्याने गरम दाण्यांचे सांगितले. दोष द्यायचा तर ते पुस्तक आणि त्यातली पेन्सिलची रेघ माझ्याकडे होती.

पोती गोदामात थप्पीला लागली. वीसेक दिवसांनी गोदाम उघडले तेव्हा आधी वास आला. हौदाचा नव्हे. तो वास मला सांगायचा नाही. थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घातला तर आत ताप चढलेल्या अंगासारखी ऊब. धान कांडून पाहिले तर तांदूळ पिवळा, मेलेला. सगळी थप्पी.

शेठजींनी सगळ्यांना आवारात बोलावले. त्या गवत उगवलेल्या सिमेंटवर आम्ही उभे होतो.

"किसने पास किया?"

माझ्या हातात रजिस्टर होते. मी म्हणालो, मीटरमध्ये ठीक होते, बाईनेही ठीक सांगितले होते. बिसाहिनबाई पुढे आली. रागाने नाही, चूक दुरुस्त करायला यावे तशी.

"मैं तो कच्चा कहे रहेंव. बाबू ला पूछ लेवव."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तिनेही पाहिले, अगदी निर्धास्तपणे. तिच्या गालात विडा होता.

मी म्हणालो, "रजिस्टर में तो ठीक लिखा है."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण शेठजी पान उलटत होते, आणि माझ्या पेन्सिलच्या रेघेचे पुस्तक ऑफिसात टेबलावर पडलेले होते. मी पुढे म्हणालो, "सेठजी, बाई के दाँत ही कहाँ बचे हैं? छुपाती है."

शेठजींनी मान वर केली. "मुँह खोल, बाई."

तिने आधी विडा काढला. तो कुठे टाकावा हे तिला कळेना, म्हणून मुठीत धरला. मग तोंड उघडले. शेठजी वाकून बघत होते, ट्रकवाले बघत होते, पोती शिवणारा बघत होता. इतकी वर्षे जिच्या तोंडातल्या आवाजासाठी हे आवार श्वास धरून थांबायचे, तिचे तोंड उन्हात उघडे होते आणि कुणीतरी मागून फिसकन हसले. ती शेठजींकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिने काहीच म्हटले नाही, कारण तोंड उघडे ठेवायला सांगितले होते.

"बस," शेठजी म्हणाले.

तिने तोंड मिटले आणि त्यावर पदर ओढला. फाटकातून बाहेर जाईपर्यंत तो तसाच होता. मुठीतला विडा तिने कुठे टाकला ते मला दिसले नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईचा रकाना मी आखला नाही.

त्या वर्षी पोहे आले नाहीत. "बिसाहिन काहून नाही आली हो यंदा?" बायकोने विचारले. "मी वाट पाहून राहिली."

"गावाले गेली असन."

"न सांगता? अशी नाही ती."

मी ताटावरून उठलो. दात दुखतो म्हणालो. पुढच्या वर्षीही तिने विचारले. त्यानंतर विचारले नाही, पण नव्या धानाच्या दिवसांत एक रिकामा डबा धुऊन, पुसून फळीवर उपडा ठेवलेला दिसे.

*

मिल बंद पडल्यानंतर, बऱ्याच वर्षांनी, एका थंडीतल्या दुपारी मी बीरगावला गेलो. बिसाहिनबाईचा पारा, म्हणजे वस्ती, कारखान्यांच्या भिंतीला लागून होता. कौलांवर, पेरूच्या पानांवर, वाळत घातलेल्या धोतरावर काळी धूळ. बसमध्ये मी वाक्य जुळवत होतो. मराठीत ते सोपे होते. तिच्या बोलीत करायला वेळ लागला. चार छोटी वाक्ये झाली. बीरगाव येईपर्यंत ती पाठ झाली होती.

ती अंगणात बसली होती. पुढे जुन्या लुगड्यावर सुपभर उकडलेले धान पसरलेले. एका काटकीने चिमण्या हाकत होती. अंग वाळून निम्मे झाले होते. मी फाटकाशी उभा राहिलो.

"कोन?" तिने हात कपाळाशी नेला. मग, "बाबू?"

"हव, दाई."

"बइठ. बहू बने हे?"

बायकोची विचारपूस आधी. मी म्हटले, बरी आहे. खाली बसलो. तिने हात पुढे केला आणि काही न विचारता माझ्या तळव्यावर दोन दाणे ठेवले.

"चाब के देख तो, बाबू. सुखा गे हे का? मोर तो एको नइ बाँचिस."

माझा तर एकही उरला नाही. मी दाण्याचे साल चोळून काढले. तिने डोळे मिटले आणि कान माझ्या बाजूला केला, हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळे आवार तिच्याकडे करायचे तसा. मी दाणा उजव्या दाढेखाली ठेवला. कारखान्याची घरघर चालली होती. तरी तो आवाज आला. कट्.

"हव," ती म्हणाली. माझ्याआधी तिनेच म्हटले.

मग हसली. "बाबू के दाँत अब गूँगा नइ हे."

हसताना तिचा हात आपोआप वर गेला आणि तिने तोंडावर पदर धरला. पडजिभेपर्यंत हसणारी बाई. हसू डोळ्यांत होते, खाली नुसता मळका कपडा हलत होता. पाठ केलेले पहिले वाक्य माझ्या जिभेवर आले होते. तो पदर पाहिला आणि ते तिथेच राहिले. मी आणखी थोडा वेळ बसलो. चिमण्या हाकल्या. निघताना तिने मूठभर धान कागदात बांधून दिले, बहूसाठी. ते मी घरी नेले नाही. बसमध्ये सीटखाली ठेवून उतरलो.

वर्षभराने पोती शिवणारा बाजारात भेटला. त्याच्याकडून दाई गेल्याचे कळले.

*

आता माझे वरचे सगळे आणि खालचे बरेच दात काढले आहेत. कवळी बसली आहे. डॉक्टरणीने निळा कागद दातांत धरून टकटक करायला लावले, कुठे जास्त लागते ते यंत्रावर पाहिले, घासून बरोबर केले. नात म्हणाली, "आबा, हीरो लग रहे हो." सुनेने भाकरी केली, मी खाल्ली. उत्तम चावता येते, तक्रार नाही.

काल सून खाली गेली असताना मी तांदळाच्या डब्यातून एक दाणा घेतला आणि उजवीकडे ठेवून चावला. दाणा फुटला. आवाजही झाला असेल. पण आत काही पोचले नाही. ओला होता की कोरडा, ते मला कळले नाही. मी डोळे मिटून दुसरा चावला, मग तिसरा. मग बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

ती चार वाक्ये अजून पाठ आहेत. बीरगावच्या बसमध्ये जुळवली होती तशीच, तिच्या बोलीत, कारण आमच्या भाषेत ती तिच्यापर्यंत गेली नसती. ती अशी:

ओ दिन तैं कच्चा कहे रहे, दाई. मैं ठीक लिख देंव. तोर दाँत के बात मोला कोनो ला नइ बताना रिहिस. मोला माफी दे दे.